ढवळीच्या खोऱ्यातला पांगारा

मुश्ताकला त्या रानातून एकच वस्तू हवी होती. पांगाऱ्याचा ओंडका. आठ फूट लांब, उभ्या उभ्या वाळलेला, किडीनं न पोखरलेला. तेवढ्यासाठी २००३ सालच्या ऑक्टोबरात, छातीला धाप लागत असताना आणि डॉक्टरनं डोंगर चढायला साफ मनाई केलेली असताना, तो पोलादपूरच्या एसटीत बसला.

महाडजवळच्या बिरवाडीत त्याला सगळे फळीवाला म्हणत. तो सर्फबोर्ड बनवायचा, म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरत यायची फळी. ओमानात बारा वर्षं त्यानं फायबरच्या होड्या दुरुस्त केल्या होत्या. त्याच शेडमध्ये एक म्हातारा ऑस्ट्रेलियन कारागीर हातानं बोर्ड घडवायचा. गिऱ्हाइकाचं वजन, उंची, त्याच्या किनाऱ्यावरची लाट, सगळं विचारून घ्यायचा आणि मगच रंधा हातात धरायचा. मुश्ताक ते काम त्याच्याकडून शिकला आणि परत आल्यावर कारखान्यांच्या मागे पत्र्याची शेड घालून बसला. गोव्याचे, केरळचे चार-दोन वेडे पत्र लिहून त्याच्याकडून बोर्ड करून घेत. पण त्याचा जीव रमायचा तो नव्या घाटाच्या बोर्डांत. कोकणातली लाट बुटकी आणि ढिली. ती माणसाला उचलत नाही. तिच्यासाठी त्यानं रुंद नाकाचे, माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीचे, पोटाला लांब पन्हळी कोरलेले बोर्ड करून पाहिले. त्यातले निम्मे पाण्यात घातल्याबरोबर उलटेपालटे व्हायचे. धाकटा भाऊ उबेद ते खाडीच्या मुखाशी नेऊन बघायचा आणि ओल्या अंगानं परत येऊन सांगायचा, कुठे घासायचं, कुठे भरायचं.

बोर्डाच्या पोटात भरायचा परदेशी फोम इथे मिळत नव्हता. मुश्ताक थर्माकोलचे जाड तुकडे चिकटवून गाभा करायचा आणि वरून रेझिन, म्हणजे वाळल्यावर कडक होणारी राळ, लावून फायबर चढवायचा. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, बाणकोटजवळ तसाच एक बोर्ड मधोमध तुटला. उबेद तिसऱ्या दिवशी सापडला.

तेव्हापासून मुश्ताकनं थर्माकोलला हात लावला नव्हता. सलग लाकडाच्या गाभ्याचा, न तुटणारा एक बोर्ड करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सागवान जड, आंबाही जड. पांगारा मात्र इतका हलका की पूर्वी कोळी त्याचे तरंगे करून जाळ्याला बांधत. पण हा पांगारा दमट हवेत बघता बघता कुजतो. शेडशेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा, कारखान्यात कामाला असलेला राजेश एकदा बोलता बोलता म्हणाला, की आपल्या दत्तारामकाकाला ढवळी नदीच्या वरच्या अंगाला एक वाळलेला पांगारा ठाऊक आहे. काकाच्या मालकीच्या रानातच आहे. उघड्या कातळावर, वाऱ्याउन्हात उभा, म्हणून कुजलेला नाही.

तर असे हे तिघे. मुश्ताक, तिशीतला दणकट राजेश, आणि आयुष्यभर त्या कड्यांवर मध काढत आलेला, पन्नाशी ओलांडलेला दत्ताराम.

दत्तारामची वाडी गाडीरस्ता संपल्यावर दीड तासाच्या चालीवर होती. त्याची बायको तुळसा हिनं रात्री भाकऱ्या वाढल्या आणि नवऱ्याला नाही, पाहुण्यालाच ऐकवलं, की रोज दुपारनंतर महाबळेश्वरच्या डोंगरावर गडगडतंय, चार दिवस थांबा. मुश्ताकनं तिला समजावलं, की ओंडका कारवीच्या जाळीतून खांद्यावर आणता येणार नाही. तो नदीनंच खाली आणायला हवा आणि नदीला आता जे पाणी आहे ते चार दिवसांनी उरणार नाही. शिवाय राजेशची रजा तीनच दिवसांची.  तुळसानं भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या.

पहाटे तिघे निघाले. सुरुवातीचा तासभर वाट पिवळ्या पडू लागलेल्या भातशेतांतून आणि पुढे ऐन-किंजळाच्या सावलीतून सुखानं जात होती. नदी उजव्या हाताला दगडांतून खळाळत होती, आणि वर, फार वर, सह्याद्रीची भिंत धुक्यात बुडालेली होती. मग वाट संपली. पुढे होती दगडधोंड्यांनी भरलेली नाळ, डोंगरात चिरत वर गेलेली अरुंद घळ. एकेक धोंडा कमरेएवढा! मुश्ताक दहा पावलं चढायचा आणि थांबायचा. रेझिनचा धूर आणि फायबरची भुकटी वीस वर्षं छातीत गेली होती. आता श्वास घेताना आत शिट्टी वाजायची. दत्ताराम त्याच्या मागे राहून चालत होता. त्यानं एकदाही घाई केली नाही.

नाळेच्या माथ्यावर कातळाची आडवी पट्टी होती, जेमतेम दोन पावलं रुंद. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला काहीच नाही. मुश्ताकनं तोंड कड्याकडे केलं आणि बोटांनी चाचपत सरकत राहिला. अर्ध्यावर त्याच्या पायाखालचा दगड निसटला. गेला! तो स्वतः गेला नाही, कारण दत्तारामनं त्याच्या पाठीवरच्या दोराच्या वेटोळ्यात हात घालून त्याला कड्याला दाबून धरलं होतं. खाली दगड आपटल्याचा आवाज खूप उशिरानं आला.

आणि पट्टी संपली तिथे पांगारा उभा होता. पान नाही, साल नाही, हाडासारखा करडा. मुश्ताकनं खोडावर बोटाची पेरं वाजवली, वरून खाली, चारी बाजूंनी. कुठेही बद्द आवाज आला नाही. कोयत्यानं एक ढलपी काढून त्यानं ती हाताच्या तळव्यावर ठेवली. आत लाकूड पांढरंशुभ्र होतं आणि वजन जाणवतच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, की हे होईल.

दुपारपर्यंत त्यांनी झाड पाडून आठ फुटांचा ओंडका कापला. दोघांना उचलता येईल एवढाच भार. पण कड्यावरून दोरानं उतरवताना तो कपारीत अडकला, मग अचानक सुटला, आणि दोर राजेशच्या तळहातांची सालं काढत गेला. फडकी बांधून राजेश पुन्हा उभा राहिला. तासाभरात ओंडका नदीत तरंगत होता. पाण्यावर तो असा उंच राहिला, की दत्ताराम हसला.

पहिले तीन डोह सहज पार झाले. चौथ्याच्या तोंडाशी, नदीच्या मधोमध, दोन धोंड्यांच्या बेचक्यात ओंडका रुतला. मुश्ताक काठावर दोर धरून राहिला. दत्ताराम मांडीभर पाण्यातून आत गेला, त्यानं बांबूनं ओंडका उचकटून सोडवला. मुश्ताकनं तो ओढून काठाला घेतला.

त्यांच्या डोक्यावर ऊन होतं. पाऊस नव्हता. फक्त पाण्याचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग लाल. पाचोळा आला, चिखलाचा वास आला. दत्तारामनं मान वर करून महाबळेश्वरच्या बाजूला पाहिलं. तिकडचं आभाळ काळं ठिक्कर होतं.

मग आवाज आला. दगड दगडावर घरंगळत येत असल्याचा आवाज!

दत्ताराम काठाकडे वळला. चार पावलं टाकली असतील. पाण्याची छातीएवढी भिंत वळणावरून आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. तीस हात खाली एका धोंड्यावर तो आपटला, बुडाला, वर आला. त्यानं धोंड्याला मिठी मारली. पाणी चढत होतं.

मुश्ताकनं विचार केला नाही. राजेशनं दोराचं टोक उंबराच्या खोडाला दोन वेढे देऊन धरलं. मुश्ताक ओंडक्यावर पालथा झोपला, जसा उबेद बोर्डावर झोपायचा, आणि दोन्ही हातांनी पाणी मारत प्रवाहात शिरला. राजेश दोर सोडत गेला. लाट तोंडावरून गेली. दुसरी गेली. छातीत हवा नव्हती. ओंडका मात्र प्रत्येक लाटेतून वर येत होता! धोंडा आला. दत्तारामचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. मुश्ताकनं त्याला बखोटीला धरून ओंडक्यावर ओढलं. राजेशनं दोर आवळला, आणि प्रवाहानंच ओंडक्याला झोका देऊन तो दूर खाली काठाला नेऊन लावला.

काठ कसला, दोन पुरुष उंचीची सरळ दरड. तिच्या पायथ्याशी एक पायरीएवढा कातळ. दोघे त्यावर चढले. ओंडका प्रवाहात ताणून दोराला झटके देत होता. राजेश वरून दरडीच्या कडेला आला आणि ओरडला, की ओंडका सोडा, दोर काकाच्या कमरेला बांधा, मी वर घेतो. दुसरा दोर नव्हता. ओंडक्याची गाठ पाण्यानं आवळून दगड झाली होती. कोयता मुश्ताकच्या कमरेला होता.

त्यानं कोयता काढला. आणि थांबला.

पाणी कदाचित ओसरेल, असं त्याच्या मनात आलं. असला पूर येतो तसा जातो. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ धरून राहिलं तर माणूसही राहील आणि ओंडकाही राहील. पाणी दत्तारामच्या मांडीपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. दत्ताराम मुश्ताककडे बघत होता. 

मुश्ताकनं दोर कापला.

ओंडका बाणासारखा सुटला, डोहाच्या टोकाला उभा राहिला आणि खालच्या कातळावर आपटला. कडाड! उभाच्या उभा चिरला. त्याच्या दोन पांढऱ्याशुभ्र फाका क्षणभर दिसल्या. कीड नव्हती, डाग नव्हता. इतकं निकोप लाकूड, आणि ते एका आपटीत फुटलं होतं.

दरडीच्या वर एक कपार होती. राजेशनं दोघांना एकामागून एक दोरानं वर ओढून तिथे बसवलं, दत्तारामच्या पायाला बांबूच्या कांबी बांधल्या आणि माणसं आणायला वाडीकडे धावला. पूर तासाभरातच उतरू लागला. दत्ताराम घामानं भिजला होता, पण कण्हत नव्हता. उतरतं पाणी बघत तो म्हणाला, "मुश्ताकभाय, मगाशी तुमी थांबलात. मी पायला."

मुश्ताकला नाही म्हणता आलं नाही. मग त्यानं जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. उबेद गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला बोर्डाच्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसली होती. गोव्याचं गिऱ्हाईक आठवड्यात बोर्ड बघायला येणार होतं. त्यानं चिरेत रेझिन भरलं, घासलं, वरून निळा पट्टा ओढला, आणि भावाला काही सांगितलं नाही. म्हणून हा लाकडाचा बोर्ड. असा न तुटणारा एक बोर्ड झाला असता, तर आपल्याला निदान झोप लागली असती.

दत्तारामनं डोळे मिटून घेतले होते. "मला कशाला सांगताव," तो म्हणाला. "मी कोन? जिचा गेला तिला सांगा."

दिवस मावळायच्या आत राजेश चार माणसं आणि डोली घेऊन आला. वाडीत तुळसानं मुश्ताकला घरात ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दत्तारामचा पाय पुढे जुळला, पण वाकडा जुळला. कड्यावर चढून मध काढणं संपलं ते संपलंच.

तीन दिवसांनी मुश्ताक महाडात उबेदच्या घरी गेला. उबेदची बायको महरुन्निसा पडवीत तांदूळ निवडत होती. तो समोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं: ती चीर, ते रेझिन, तो निळा पट्टा. तिनं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा बदलला नाही, त्याचीच त्याला भीती वाटली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सकाळी निघताना त्यांनी मला ती दाखवली. भाईनं भरलीय, पण बोटाला अजून लागते म्हणाले. मी म्हटलं, मग नेऊ नका. तर म्हणाले, नाही नेला तर भाईला कळेल मला दिसली ते. त्याला वाईट वाटेल."

ती पुढे म्हणाली, "मी परत अडवलं नाही. तुम्हाला हे कधी सांगणार नव्हते."

मुश्ताकनं सूप पुढ्यात ओढलं आणि तो तांदळातले खडे वेचू लागला.  दुपारची अजान झाली. मुलं शाळेतून आली, तिनं त्यांना आत नेऊन जेवायला वाढलं, आणि परत येऊन त्याच्यासमोर बसली. तो अजून खडेच वेचत होता.