कौतिकच्या बंडीवरची खूण

निंबा परटाला माणसं चेहऱ्यानं कमी आणि खुणेनं जास्त ओळखू यायची. बऱ्हाणपुरात राजघाटाकडच्या घरांचं धुणं त्याच्याकडे असायचं, आणि दर घराची बिब्ब्याची खूण वेगळी. सुईच्या टोकानं बिब्ब्याचा रस काठाला टेकवला की तो डाग कापड फाटेस्तोवर जात नाही. कौतिक चौधऱ्याच्या घराची खूण म्हणजे तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. घडी घालताना निंबाला बघावंसुद्धा लागायचं नाही. बोटंच ज्याचं त्याच्या ढिगात टाकायची. या बोटांचा त्याला भारी अभिमान, आणि तोच त्याला नडला.

बेचाळीस सालचा भाद्रपद होता. झेंडा घेऊन निघालेल्या लोकांवर पलटणीनं चौकात गोळी चालवली, त्याला बारा दिवस झाले होते. मागून घराघरांत शिरून माणसं ओढून काढली, भर बाजारात उघडी करून फटकावली. वर दवंडी पिटली, की मेलं कुणीच नाही. जे दिसत नाहीत ते डोईफोडियाच्या जंगलात पळाले. लोक कुजबुजत, की त्या दिवशी दोन मोटारी झाकून चांदनी गावाच्या बाजूला गेल्या आणि रिकाम्या परतल्या. झेंडा कौतिकच्या हातात होता. तेव्हापासून तो दिसला नव्हता. त्याची बायको मालूबाई कुंकू ठेवावं की पुसावं हेच न कळून दारात बसलेली असायची.

पलटणीचं धुणंही निंबाच्याच गळ्यात पडलं होतं. नाही म्हणायची कुणाची छाती होती? एका बुधवारी खाकीच्या गाठोड्यातून चार पांढरे कपडे निघाले.

"धोके लाओ," हवालदार म्हणाला. "बंदूक पोंछने के काम आएँगे."

तापी गढूळ, भरून चाललेली. निंबानं ते कपडे दगडावर पसरले आणि त्याचे हात थांबले. तिन्हींवर खूण नव्हती, खेड्यापाड्यातल्या कुणाचे असतील. चौथी बंडी होती. पाठीत रुपयाएवढं भोक, छातीवर त्याहून मोठं, भोवती सुकलेलं रगत. काठाला तीन ठिपके आणि आडवी रेघ.

कौतिक गेला होता. आता हे शहरात दोघांनाच ठाऊक होतं, एक पलटणीला आणि एक निंबाला. मालूबाईला जाऊन सांगावं असं त्याच्या फार मनात आलं. पण सांगितलं तर आपलीही बंडी कुणीतरी धुवायला देईल, या भीतीनं तो गप्प बसला. त्या भीतीची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गप्पच राहिला.

दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण बोटं ठिकाणावर होती. सांजेला त्याची बायको आशाबाई घरोघर कपडे देऊन आली आणि चुलीपुढे बसता बसता म्हणाली, "चौधऱ्याच्या घरी एक बंडी होती ती दिली. मालूबाई कितीक दिवसांनी हसल्या बाई."

निंबानं उठून पलटणीचा ढीग मोजला. पांढरे कपडे तीनच होते.

चार दिवसांनी मालूबाईच्या घरचं धुणं आलं. त्यात ती बंडी होती. दोन्ही भोकं पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेली. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण बंडी मळलेली होती, काखेत घामाचा ओलावा होता, आणि बाहीवर केळीच्या चिकाचा डाग होता. चीक सुकला की काळा पडतो. हा अजून बोटाला चिकटत होता. निंबानं बंडी हुंगली. कौतिकची तंबाखू कुठली, हे घाटावर सगळ्यांना माहीत होतं, आणि वास तिचाच होता.

त्यानं बंडी धुतली. घामाचा वास गेला, तंबाखूचा गेला नाही. ती घेऊन तो स्वतःच मालूबाईकडे गेला.

"माय, ही बंडी कोन घालतं?"

"कोन घालंन? तेच घालतात." मालूबाईच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं. "सांजले येतात. काही बोलत नहीत, जेवत नहीत. पाठ करून बसतात. आपल्या बागेतली केळीची पिलं कापायची राह्यली होती नं, ते काम चालू हाये त्याहीचं."

बागेत खरंच केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, कापलेली होती. गडी तर गोळीच्या दिवसापासून कुणी फिरकलं नव्हतं. निंबाला काहीच उमगेना. मग भोक खोटं होतं का? का रगत दुसऱ्याचं? का ही बाई स्वतःच बंडी घालून बागेत राबते? त्यानं तिचे हात पाहिले. स्वच्छ होते.

बुधवारी हवालदारानं गाठोडं सोडलं आणि मान वर केली. "चार सफेद थे. चौथा?"

"साहेब, वाहून गेला पुरात..."

हवालदारानं बंदुकीचा दस्ता निंबाच्या छातीला लावला. अगदी हळू. "किसी के घर में मिला, तो वह घर जलेगा. कल तक लाओ."

मालूबाईचं घर की आपला जीव, असा प्रश्नच उरला नव्हता. बंडी आणली तरच दोन्ही वाचणार होतं. निंबा दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधीच तिच्या दारात गेला आणि सगळं सांगून टाकलं. भोक, रगत, बंदुका पुसायची फडकी, सगळं. मालूबाई ऐकत राहिली. रडली नाही.

"घालून बसलेत," ती म्हणाली. "माग त्याहीले."

मधल्या खोलीत अंधूक होतं. ओल्या मातीचा आणि चिकाचा वास येत होता. खाटेवर पाठ करून कुणीतरी बसलेलं दिसलं, किंवा खाटेमागच्या खुंटीला अडकवलेली बंडीच तशी दिसली. निंबानं डोळे मिटून हात पुढे केला.

"कौतिकभाऊ... माफ करजो..."

हातावर बंडी आली. कोमट होती.

हवालदारानं ती त्याच्यासमोर जाळली. राख बुटानं मातीत मिसळली. सुटलो, असं निंबाला वाटलं, आणि त्या रात्री तो बरेच दिवसांनी गाढ झोपला.

सकाळी उठला तर उजव्या हाताची बोटं सुजली होती, टोकाला फोड आले होते. बिब्बा उतला की येतात तसे. पण बिब्ब्याची डबी त्यानं आखाजीच्या सणानंतर उघडली नव्हती. आशाबाईनं खोबरेल चोळलं. तिच्या नजरेसमोर पलटणीच्या धुतलेल्या खाकी सदऱ्यांचा ढीग होता. निंबानं वरचा सदरा उलटवला. काठाला तीन ठिपके, खाली आडवी रेघ. त्याखालच्यावर तेच. हवालदाराच्या सदऱ्यावरही.

सगळ्या ढिगावर तीच खूण होती. रस अजून ओला होता.

हे आपणच केलं का? झोपेत? निंबानं सदरे मोजून गाठोड्यात बांधले. सदरे छावणीवर न्यायचे होते. पण परटाचा धर्म एकच, खूण ज्या घराची, कपडा त्या घरचा. गाढवावर ओझं चढवून तो निघाला, आणि गाढव चौधऱ्याच्या दारात थांबलं.

मालूबाई ओसरीवर सुई-दोरा घेऊन बसली होती. मागच्या दोरीवर एक पांढरी बंडी वाळत होती. तिच्या छातीवर आणि पाठीत रफू होतं.

"आनलेस?" ती म्हणाली. "ठेव इथंच. खाकी दोरा बजारात भेटला नही. पांढऱ्यानंच रफू करीन."

निंबानं एक सदरा उचलून उजेडात धरला. दुसरा धरला. "पन माय... याले भोक कुठं हाये?"

मालूबाईनं आतल्या खोलीकडे बघितलं, कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवली, आणि सुईत दोरा ओवला.

"पडतील म्हनतात."