शून्य-नमुना

लिपिशोध प्रयोगशाळेत अर्थमापक यंत्र सुरू झालं त्या सकाळी डॉ. मुकुंद खांबेटे सगळ्यांच्या आधी हजर होते. पत्नी वासंती जाऊन सव्वीस दिवस झाले होते. ते तिसऱ्याच दिवशी कामावर आले, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "धीराचा माणूस." धीरबीर काही नव्हता. दात काढायला भूल दिलेल्या हिरडीसारखं त्यांचं मन बधिर झालं होतं. आत दुखतंय की नाही, हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं.

टेबलावर भोनटेकडीच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्या मांडल्या होत्या. त्यांच्यावरच्या खुणा म्हणजे लिपी की नुसती नक्षी, या एका प्रश्नात खांबेट्यांची एकतीस वर्षं गेली होती. एकही अक्षर वाचता आलं नव्हतं.

"यंत्र वाचून दाखवणार नाही हं, सर," संख्याशास्त्रज्ञ डॉ. रेवती पेंढारकर म्हणाली. "लिहिणाऱ्याला काही म्हणायचं होतं की नाही, एवढंच सांगेल. रांगोळीत पुढचा ठिपका कुठे पडणार, ते नक्की सांगता येतं. सांडलेल्या तांदळांत काहीच सांगता येत नाही. भाषा या दोन्हींच्या मधे असते. थोडा अंदाज लागतो, थोडा चुकतो."

"आणि वाचायचं कधी?"

"वाचनसीमा ओलांडली की. पुरेसा मजकूर हाताशी असला तर लिपी एकाच रीतीने उलगडते. त्याहून कमी असला तर हजार रीतींनी, म्हणजे एकाही नाही. काही शब्द आधीच माहीत असले, तर मात्र ही सीमा एकदम खाली येते. पण ते पुढचं. आधी मला शून्य-नमुना द्या. ज्यात नक्की काही अर्थ नाही असं काहीतरी."

खांबेट्यांनी पिशवीतून एक गठ्ठा काढला. "ह्या घ्या. वासंतीच्या रेघोट्या."

दोन वर्षांपूर्वी मेंदूतल्या रक्तस्रावाने वासंतीबाईंची वाचा गेली, अक्षरओळखही पुसली गेली. तेव्हापासून त्या रोज एक पान कसल्यातरी खुणांनी भरत. डॉक्टर म्हणाले, हाताला चाळा. खांबेट्यांनी मान डोलावली. तांदळाएवढी खापरी टाकून दिली म्हणून विद्यार्थ्यांना फैलावर घेणारा हा गृहस्थ बायकोची पानं नेऊन त्यांत खापरं गुंडाळत असे! पुढे खापरांच्या कोठाराला वाळवी लागली, तेव्हा सगळं जुनं वेष्टन जाळून टाकण्याच्या आदेशावर सहीही त्यांचीच होती. उरली ती ही एकशे तेरा.

दुपारपर्यंत यंत्राचं काम झालं. पाट्यांवरची ती लिपीच निघाली. एकतीस वर्षांचा प्रश्न सुटला आणि खांबेट्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही. ते "बरं" म्हणाले.

रेवती मात्र दुसऱ्या आलेखाकडे बघत होती. तिने तो तीनदा तपासला.

"सर, शून्य-नमुना शून्य नाहीये. बाईंचा आलेख थेट पाट्यांसारखाच आहे. ही भाषा आहे."

"यंत्रात दोष असेल."

"मग पाट्यांवरचीही लिपी नाही, सर. मोजपट्टी एकच आहे. इथे खरी आणि तिथे खोटी, असं कसं म्हणणार?" तिने आवाज खाली केला. "बऱ्याच पानांच्या माथ्यावर एकच खूण आहे. अशी खूण पत्रात असते, कुणाला तरी हाक मारलेली. शेवटच्या बत्तीस पानांवर मात्र दुसरीच आहे."

"वाचता येईल?"

"पाचशे पानं तरी लागतील. बाकीची कुठे आहेत?"

खांबेट्यांच्या डोळ्यांसमोर कोठारामागची राख आली. "नाहीत," ते म्हणाले.

तेवढ्यात दारात हिराबाई येऊन उभी राहिली. दोन वर्षं वासंतीबाईंचं उठवणं-बसवणं, न्हाऊमाखू सगळं तिनेच केलं होतं. आज ती घराची किल्ली परत द्यायला आली होती. यंत्राच्या पडद्यावरच्या पानांकडे नजर जाताच तिचा चेहरा उजळला.

"अगबाई, बाईंची पानं! ही बघा, ही खूण माझी." तिचं बोट शेवटच्या पानांच्या माथ्यावर होतं.

रेवती खुर्चीतून उठलीच. "तुम्हाला हे वाचता येतं?"

"वाचायचं काय त्यात, ताई? त्या खूण काढायच्या अन् वस्तू दावायच्या. हा चहा. हे दुखतंय. कपातलं संपलं की कप पालथा करून ही, रिकामं. मान हलवून ही, नाही. पंधरा-वीस येत्यात मला. कोपऱ्यात तारीख तेवढी मी घालायची."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा. खांबेटे हिराबाईकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! दिवाळीच्या आधी, त्यांच्या खाटेपाशीच. तुम्ही म्हणालात, 'हिराबाई, तिच्या डोक्यातलं भाषेचं कपाट रिकामं झालंय.' म्या म्हटलं, शिकलेला माणूस म्हणतोय, तर असंल तसं."

खांबेट्यांना आठवलं. तेव्हा आपण आवाजही खाली केला नव्हता, हेही आठवलं. भिंतीसमोर कोण आवाज खाली करतं?

"आणि ही?" त्यांनी जुन्या पानांच्या माथ्यावर बोट ठेवलं.

हिराबाई हसली. "ही होय? ही 'अहो'. तुमची गाडी वाजली की हीच काढायच्या अन् दाराकडं बोट करायच्या. ती पानं तुमची. मला न्हाई समजत, लई लांबडी असायची."

रेवती घाईघाईने एकेक खूण यंत्रात भरू लागली. "एवढ्या शब्दांनी सीमा खाली येईल, सर. तुमची एक्क्याऐंशी पानं कदाचित वाचता येतील."

खांबेटे गठ्ठा घेऊन तारखा बघत राहिले. माथ्यावर 'अहो' असलेलं शेवटचं पान दिवाळीच्या दोन दिवस आधीचं होतं. आधीची पानं काठोकाठ भरलेली. यावर मात्र तीनच खुणा होत्या, बालवाडीत गिरवायला देतात तशा मोठ्या आणि सावकाश काढलेल्या.

यंत्राची गरज नव्हती. जन्मभरात पहिल्यांदाच ते एक अनोळखी लिपी स्वतः वाचत होते. आता रडू यायला हवं, हे त्यांना कळत होतं. ते येत नव्हतं.

"अहो. रिकामं नाही."

त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीची तारीख होती आणि माथ्यावर हिराबाईची खूण होती.