कानातला आवाज

तो चुकून तिच्या खोलीत शिरला, तेव्हा अंगात सडकून ताप होता आणि दातावर दात आपटत होते. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हिवतापाचे जंतू मोजत बसली होती. रक्त तपासायची खिडकी पलीकडे आहे, असं तिने मान वर न करताच सांगितलं. तो हलला नाही. छताकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, तुमचा पंखा सुराला जरा उतरलाय."

तिने मान वर केली... आणि फसली.

त्याचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. आठवड्याभरात वॉर्डातल्या नर्सेस त्याला 'सूरवाले' म्हणू लागल्या. जुन्या गोळ्यांना हिवताप आता जुमानत नव्हता. तिने ऐन उमेदीची वर्षं घालून नवं औषध उभं केलं होतं, आणि माणसांवरच्या पहिल्या चाचणीला तो आपणहून तयार झाला. ताप उतरला, तो घरी गेला. पण तपासणीच्या दिवशी वेळेआधीच बाकावर हजर... दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री.

प्रश्न ठरलेले असायचे. मळमळ? नाही. चक्कर? तुम्ही समोर आलात की थोडीशी. ती हसू दाबून पुढे विचारायची, "कानात काही आवाज?"

"तुमचाच. दिवसभर."

ती लाजायची, आणि कागदावर 'नाही' लिहायची.

एकदा त्याने सरळच विचारलं — लग्न कराल का माझ्याशी? चाचणीतल्या रुग्णाला असलं उत्तर देता येत नाही, ती म्हणाली, तुमचं नाव चाचणीतून निघालं की सांगते. पण त्या दिवशी जिना उतरताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. आईने तर तिचं तोंड बघूनच ओळखलं आणि मुलगा काय करतो, ते विचारून टाकलं.

पहिल्या तुकडीत माणसं मोजकीच होती. कुणाचीच तक्रार नाही म्हटल्यावर दुसऱ्या तुकडीला डोस वाढवून दिला गेला. त्या तुकडीत एक शिवणकाम करणारी बाई होती. एका सकाळी तिची लेक वॉर्डाच्या दारातून हाका मारत राहिली... आणि बाई पाठ करून तशीच बसून राहिली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, औषधाने कान गेलेत, ते परत येणार नाहीत.

तो अहवाल वाचून ती तडक त्याच्या दुकानात गेली. त्याची धाकटी बहीण व्हायोलिनच्या खुंट्या पिळत होती आणि तो शेजारी बसून नुसतं लाकूड पुसत होता. बहिणीने विचारताक्षणी सांगितलं, की दादाला वरचे सूर ऐकूच येत नाहीत, त्या गोळ्यांपासून कानात सारखी शिट्टी वाजते, आता तारा मीच लावते.

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तुमचं औषध बंद पडलं असतं. माझं काय, माझं मी सोसत होतो. तुमच्यासाठीच केलं ना..."

"मला विचारलं होतंत?" तिचा आवाज चढला नाही. "तुमचे कान तुमचे होते. त्या बाईने काय म्हणून सोसायचं?"

पहिल्याच वेळी याचे कान तपासून घ्यायला हवे होते, ते तिनेही केलं नव्हतं. त्याचं उत्तर गोड लागलं, म्हणून तिने ते खरं धरलं होतं.

विभागाचे मोठे डॉक्टर थोडं थांबू या म्हणत होते. ती थांबली नाही. सगळं लिहून देऊन तिने चाचणी बंद करवली, आणि जंगलाच्या कडेच्या एका उपचार केंद्रावर जुन्याच गोळ्या वाटायची नेमणूक मागून घेतली.

निघायच्या दिवशी तो आला. कान दाखवून आला होता — सुधारणा नव्हती. ती खोकी बांधत होती. त्याने दोरीचं एक टोक धरून दिलं.

"आता मी चाचणीत नाही," तो हळूच म्हणाला. "उत्तर द्यायचं राहिलंय तुमचं..."

तिने गाठ घट्ट आवळली.

"'हो' होतं," ती म्हणाली.

तो 'काय म्हणालात?' असं विचारेल की काय, या भीतीने ती क्षणभर थांबली. त्याने विचारलं नाही. नीट ऐकू आलं होतं. त्याने खोकं उचललं, खाली गाडीत नेऊन ठेवलं, आणि मागे न बघता फाटकाबाहेर निघून गेला.