बावीस पायऱ्या

प्रवाशांनी भरलेल्या टेम्पोत त्याचा जेवणाचा डबा थेट माझ्या डाव्या पायावर आपटला. ठण्ण.

“सॉरी, सॉरी... लागलं का?”

“लोखंडाला काय लागणार?” मी म्हटलं.

माझ्या पोलिओच्या पायाचं कॅलिपर दिसलं की लोक एकदम बाहेर बघायला लागतात. हा मात्र हसला. “मग डब्यालाच विचारतो.”

मल्हारगंज मोहल्ल्यातून निघालेला टेम्पो आमच्या सरकारी ऑफिसपाशी थांबला, आणि तोही तिथेच उतरला. नवा क्लार्क, अश्विन. झालं, माझं चित्त तिथूनच थाऱ्यावर राहिलं नाही.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. बाबांची मिल बंद पडून पाच वर्षं झाली होती, घर माझ्या टायपिस्टच्या कच्च्या नोकरीवर चालायचं. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, पहिल्या मजल्यावर. जो ट्रेनिंग घेईल तो पक्का, बाकीचे दिवाळीनंतर घरी.

अश्विन माझ्या फायली रोज स्वतः वर पोचवायचा. शेजारच्या टेबलावरचा नंदू माझ्या चालीची नक्कल करायचा, सगळे हसायचे. अश्विन चहा अर्धा टाकून उठून जायचा. आता अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होणार? पण त्याच्या मनात माया आहे की नुसती दया... तेवढंच मेलं कळेना.

मग ट्रेनिंगची यादी लागली. माझं नाव नव्हतं.

“अरे बेटा,” आमचे हेडक्लार्क, बडे बाबू उदयसिंहजी प्रेमाने म्हणाले, “रोज बाईस सीढ़ियाँ कहाँ चढ़ोगी? तुम्हारे भले के लिए ही नाम काटा. अश्विन ने ही तो कहा था.”

मी अश्विनच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. नंदूवर चिडणं सोपं होतं. ह्याच्यावर कसं चिडायचं?

“माझं नाव तुम्ही काढायला सांगितलंत?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून... मला वाटलं—”

“मला विचारलंत?”

तो हातातल्या फायलीची नाडी सोडू-बांधू लागला.

“नंदू मला हसतो, तुम्ही मला जपता. आणि नोकरी माझी जाते, अश्विनजी.”

त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडलेच. राग त्याचा जास्त येत होता की तो बोलणं थांबवेल याची भीती जास्त होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाइप केला. अपंग म्हणून संधी नाकारता येत नाही, तसा नवा कायदा झालाय, असं स्पष्ट लिहिलं. उदयसिंहजींकडे गेले, तर तिथे अश्विनचाही कागद आधीच पडलेला. ‘नाव काढण्याची सूचना माझी होती. ती चुकीची होती.’

चौथ्या दिवशी यादीत माझं नाव आलं.

जिन्यापाशी तो उभा होता. सवयीने हात पुढे आला, मग मागे गेला.

“हात... देऊ का?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं त्याने.

“नको,” मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. “पण माझ्या चालीने चालणार असाल तर सोबत या.”

आम्ही चढू लागलो. आठव्या पायरीवर तो म्हणाला, “नीरजाजी, तुम्ही मला आवडता. दया वगैरे नाही... सच्ची.”

“आत्ता नका बोलू, पायरी चुकेल.”

अकराव्या पायरीवर मीच त्याचा हात धरला.

“दमलात?”

“नाही,” मी म्हटलं, आणि वरपर्यंत सोडला नाही.