आयकलाव?

माझा धंदा आंब्याच्या पेट्यांचा. राजिवड्याच्या वरच्या अंगाला घर आणि घराला लागूनच शेड. थंडीत फळ्या कापून ठेवायच्या आणि मोहोर धरला की पेट्या ठोकायला घ्यायच्या. पुढच्या खोलीत मुळ्ये सर भाड्याने राहायचे. ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी आणि बँकेतल्या काही जणांनी मिळून गावात फिल्म सोसायटी काढली होती.

जानेवारीत एके दिवशी सर शेडमध्ये आले आणि म्हणाले, "काशीराम, इटलीहून पेट्या आल्यायत."

मी हातोडा खाली ठेवला. "इटलीत आंबा होतो?"

सरांना हसू आवरेना. "सिनेमाच्या पेट्या हो! तिकडच्या नव्या पोरांनी काढलेले सिनेमे. काहींचा तर पहिलाच. टॉकीजवाल्याने सकाळचे खेळ दिलेत आम्हाला. तुम्ही या."

"मला काय कळणार त्यातलं?"

"आम्हाला तरी कुठं कळतं? पण खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर पुढच्या वेळी कोणी काही पाठवायचं नाही. तुम्ही नुसते येऊन बसा."

माझ्या बायकोला, चिमाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी घरात बसवत नसे. म्हणून गेलो.

टॉकीजमध्ये बिडीचा जुना वास होता. बाजूच्या दारांचे पडदे आखूड होते, त्यामुळे खालून उन्हाची पट्टी आत यायची. बाहेरून एस.टी.चे हॉर्न ऐकू येत. पडद्यावर समुद्रकाठचं एक गाव होतं. लष्करातून घरी परतलेला एक पोरगा त्या गावात नुसता हिंडत होता. तो मासळी बाजारात गेला. तिथे मागे, कोपऱ्यात, एक बाई पाठमोरी बसून मासे साफ करत होती. अंगात झगा, केस मानेपर्यंत कापलेले. तिने बांगड्याच्या कल्ल्यात अंगठा घातला, आतलं ओढून काढलं आणि न बघता डाव्या खांद्यावरून मागे टाकलं.

चिमा तसं टाकायची, मांजरासाठी. आख्ख्या राजिवड्यात दुसरी कोणी तसं टाकताना मी पाहिली नाही. तिथे तर मांजरही नव्हतं.

मी म्हटलं, असेल. जगात बाया पुष्कळ आहेत, बांगडेही पुष्कळ आहेत.

मग राखाडी कोट घातलेला एक पुरुष तिच्याजवळ आला. तोही पाठमोरा. त्या सगळ्या इटालियन गलक्यात बाईने मान वर केली आणि म्हणाली, "आयकलाव?"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. चिमाने लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधीच नाही. रेशनच्या हापिसात कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती शेजारच्या सकिनाला कोपराने ढोसायची. "तू सांग गो." मला हाक मारायची तर एकच शब्द होता, "आयकलाव?" म्हणजे ऐकलंत का, पहिलं अक्षर जरा ओढून. हा शब्द दुसऱ्या पुरुषाला लावत नाहीत. ज्याला लावला तो नवरा.

मी सरांच्या कानाशी वाकलो. "ती मासेवाली आत्ता काय म्हणाली?"

"कोण? ती होय. तिला बोलायला काही दिलेलंच नाही. मागची बाई आहे ती."

दुसऱ्या दिवशीचा सिनेमा वेगळा, दिग्दर्शक वेगळा. धुक्याचं शहर, कारखाने, संप. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो. ती नसेल असं वाटत होतं आणि नसली तर काय करायचं, याचीही भीती वाटत होती.

ती होती. एका इमारतीच्या जिन्यात बसून त्याच राखाडी कोटवाल्याला संत्रं सोलून देत होती. फोडीवरचे पांढरे दोरे एकेक काढून मग त्याच्या हातावर ठेवत होती. हसत होती. पुढे दोन माणसं भांडत होती, सिनेमा त्यांचाच होता. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चिमा गेली तेव्हा रिकाम्या पेटीसारखी हलकी झाली होती. अन्न पोटात राहायचं नाही. मी संत्री आणायचो आणि ती एक फोड चोखून तोंड फिरवायची. इथे तिचे दंड भरलेले होते. गाल वर आले होते. आमच्या घरात ती तोंडाला पदर लावून हसायची. इथे दात दिसत होते.

बायको मेल्याचं दुःख मला आता ओळखीचं झालं होतं. हे दुसरंच होतं. माझ्या छातीत कोणी रंधा मारत होतं. तो माणूस चांगला असेल, तिला सुखात ठेवत असेल, हेच मला सोसत नव्हतं. मला त्याचं तोंड बघायचं होतं. ते काही दिसलं नाही. मी त्याचे खांदे तेवढे पाठ केले.

शेवटच्या दिवशी मी सकिनाला कुंपणापाशी गाठलं. तिचा नवरा कुवेतला. चिमाच्या दुखण्यात हिनेच तिला न्हाऊमाखू घातलं होतं.

"सिनेमाला येतेस?"

"त्या इटलीच्या? त्यात बाया उघड्या असतात म्हणं, भाऊ."

"एक हाय, ती मासे साफ करते."

"मग टॉकीजात कशाला जाव? माज्या घरात टोपलीभर पडलेत. या, तिकिटाशिवाय बघा."

"चिमासारखी दिसते," मी म्हटलं.

सकिनाच्या तोंडावरचं हसू गेलं. ती आत गेली आणि डोक्यावरून ओढणी घेऊन बाहेर आली.

टॉकीजमध्ये माझ्या एका बाजूला सर बसले, दुसऱ्या बाजूला सकिना. तिच्यासाठी सर खालची इंग्रजी अक्षरं वाचून हळू आवाजात मराठीत सांगत होते. डोंगरातलं खेडं होतं. बर्फ पडत होतं. एक म्हातारा मरायला टेकला होता आणि त्याची मुलं जमिनीवरून कुजबुजत होती. मग कॅमेरा शेजारच्या घरात गेला. मेजाशी राखाडी कोट पाठमोरा बसला होता. चिमा त्याला वाढत होती.

सकिनाने माझं मनगट धरलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती घाबरली असेल असं मला वाटलं होतं. पण इस्पितळातून घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती.

"बरी झाली गो बाय," ती म्हणाली. "किती बरी झाली."

"आयकलाव?" पडद्यावर चिमा त्याला म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

माझं मनगट सकिनाच्या हातातून सुटलं. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "चिमा!"

एवढ्या मोठ्याने ओरडलो, पण टॉकीजमध्ये कोणी वळून पाहिलं नाही. बसा हो खाली, असंही कोणी म्हणालं नाही.

तिने मात्र पाहिलं.

हातातलं भांडं खाली ठेवून, हात पुसत ती खिडकीपाशी आली. तिचं तोंड पडदाभर झालं. तिची नजर पहिल्या रांगेवरून मागे मागे आली आणि आमच्या रांगेत थांबली.

मागून त्या माणसाने काहीतरी विचारलं.

"काशीराम," ती म्हणाली.

लाज नाही, अडखळणं नाही. पेट्या करणाऱ्या कुणाचं नाव सांगावं, तसं.

"या अल्ला," सकिना पुटपुटली. "नाव घेतलान."

सर पुढे वाकून तिला सांगू लागले, "तो विचारतो, बाहेर कोण आहे? ती म्हणते, कोणी नाही."

चिमाने खिडकी लावून घेतली.

मी खाली बसलो. पुढे म्हातारा मेला, बर्फ थांबलं, नावं आली. दिवे लागले.

लोक खुर्च्या वाजवत उठले. सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्या अंगावरून पलीकडे सकिनाकडे पाहिलं.

"काशीराम कुठं गेले?"

"हितंच तर व्हते," सकिना म्हणाली.

तिने हात लांब केला आणि तळवा माझ्या मांडीवर टेकला. मला तिचा हात लागला नाही.

"आत्ताच गेले वाटतं," ती म्हणाली. "खुर्ची गरम हाय अजून."