तिकटीवरचा उतारा

रामहरीचं प्रेत सकाळपासून तीन वाटांच्या तिकटीजवळच्या लिंबाखाली पडलं होतं आणि खांदा द्यायला वाडीतलं काळं कुत्रंही पुढे येत नव्हतं.

परळीच्या पोलीस ठाण्याचे अमीन सुंदरराव घोड्यावरून उतरले. मागे एक जवान होता. माणसं लांब उभी राहून त्यांच्याकडे रोखून पाहत होती. रामराम कुणी घातला नाही.

"कशानं मेला?"

"उतारा खाल्ला त्यानं," देवरुषी आप्पा गुरकावला. "तुमी हात लावू नका. वाडीवर पीडा आणताल."

"मरताना काय करत होता?"

"हवेतलं कायतरी वेचायचा. एकटाच बडबडायचा. डोळे हे एवढाले! तोंडाला कोरड, पण पाण्याचा घोट उतरंना. झपाटणं आनखी काय असतंय, हुजूर?"

रामहरी तरणा, तोंडाळ गडी. आजाऱ्यावरून ओवाळून टाकलेला उतारा दिसला, की चारचौघांदेखत उचलून खायचा आणि आप्पाला वेडावून दाखवायचा.

तिकटीवर त्या उताऱ्याची पत्रावळ अजून पडून होती. सुंदरराव वाकले, पण हात पुढे जाईना. अशा पत्रावळीला वळसा घालायला त्यांनाही आईनं शिकवलं होतं. मागे कुणीतरी खुसुखुसु हसलं. दात आवळून त्यांनी पत्रावळ उचलली. घोळका झटकन मागे सरला. एक धोंडा भिरभिरत घोड्याच्या पायाशी येऊन पडला.

पत्रावळीत दहीभात, लिंबू, कुंकू आणि कडेला उरलेला ठेचा. त्यात बियाच बिया. काही पिवळ्या, काही तपकिरी.

"आप्पा, उताऱ्यात ठेचा घालतात?"

आप्पाला तो अपमानच वाटला. "मिठाचा कण घालत न्हाईत! मिठाला भूत शिवत न्हाई. कोन्या येड्यानं वाढलंय हे?"

"वाडीत आजारी कोण आहे?"

"कुणीच न्हाई."

रामहरी थोरल्या भावाच्या घरात राहायचा. भाऊ भगवानराव ओट्यावर डोकं धरून बसला होता. आत पाळणा आढ्याला गुंडाळून बांधलेला. परसात उकिरड्याकडेला धोतरा माजला होता आणि तिथंच घासून धुतलेला पाटा-वरवंटा पडला होता.

"जेवणात काय लागायचं त्याला?"

"ठेचा," भगवानराव म्हणाला. "त्याबिगर घासच उतरत नव्हता."

सुंदरराव त्याच्या बायकोकडे, वत्सलाबाईकडे वळले. "पाटा परसात कशाला?"

"टाकी लावायची हाय, गुळगुळीत झालाय."

"मग आता याच पाट्यावर ठेचा वाटा आणि घरधन्याला वाढा."

तिनं पाटा ओढला, मिरच्या ठेवल्या. वरवंटा उचलला आणि हात थांबला.

"त्येंला नगं," ती पुटपुटली.

दारात घोळका जमला होता. सुंदरराव त्याच्याकडे वळले.

"भूतबीत नाही. कोरडा घसा, विस्फारलेले डोळे, हवेत वेचणं, ही धोतऱ्याची लक्षणं. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बियांत सहज खपतं. वाडीत कुणी आजारी नाही, मग उतारा कुणाचा? तो उतारा नव्हताच. वाढणारा देवरुषी असता, तर त्यानं मिठाचा ठेचा वाढला नसता. पण भातात दडवता येणार नाही ते बी ठेच्यात दडतं, आणि रामहरीला ठेचा लागतो हे घरालाच ठाऊक. रहदारीच्या वाटेवर विष उघडं ठेवलं, कारण त्याच्याशिवाय त्याला कुणी शिवणार नाही याची वाढणारीला खात्री होती."

"वत्सला?" भगवानराव तिच्याकडे वळला.

तिनं वरवंटा खाली ठेवला. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"शिमग्याला त्यानं उताऱ्याचा नारळ घरात आणला. खोबरं चावीत त्याच हातानं माझं लेकरू घेतलं. लेकरू तापानं फणफणलं अन् गेलं. ह्याला मात्र कायबी झालं न्हाई, हसत हिंडत व्हता. त्याला उतारा कदी लागलाच न्हाई, अमीनसाहेब. म्हणून मी लागंल असा वाढला."

जवानानं तिला बांधायला दोर काढला. तेव्हा घोळक्यातली एक म्हातारी पुढे आली, सुंदररावांच्या पायाशी थुंकली आणि वत्सलाबाईच्या डोक्यावरचा पदर सारखा करून तिला बिलगली.