अर्धी मिशी

मनवाच्या ओठावर डावीकडे मिशी होती आणि उजवीकडे नव्हती. परवापर्यंत ती दोन्हीकडे होती. बारीक लव, आरशाला नाक लावलं तरच दिसेल अशी. पण वर्गातल्या विक्रांतने तिला ‘मिशाळ’ म्हटलं, आणि शुक्रवारी तर तिला चंद्रावरच्या शाळेतल्या मुलांना मंगळवेढ्याच्या ज्वारीबद्दल सांगायचं होतं. तिकडच्या पडद्यावर चेहरा भिंतीएवढा दिसणार. भिंतीएवढा चेहरा म्हणजे हातभर मिशी! तिने न्हाणीघराला कडी लावली, बाबांचा रेझर घेऊन एक बाजू साफ केली, तेवढ्यात आईने दार वाजवलं आणि दुसरी बाजू राहून गेली.

आज उजवीकडे बोट फिरवलं तर चक्क टोचत होतं! काकू नेहमी म्हणायची, एकदा वस्तरा लागला की केस राठच येतात.

ती रुमालाने तोंड झाकून थेट शेतातल्या घरी गेली. तिथे तिची आत्याआजी, म्हणजे बाबांची आत्या, राहायची. चंद्रावर भाजलेल्या माणसांसाठी प्रयोगशाळेत कातडी वाढवण्यात आजीची हयात गेली होती. आता सोबतीला होता भिंग्या, पेरूएवढा यंत्रमानव. डोळा एकच, पण मुंगीच्या पायावरची लवही त्यातून सुटत नसे.

"मी शुक्रवारी बोलणार नाही," मनवा म्हणाली आणि तिने रुमाल काढला.

आता आजी हसणार, असं तिला वाटलं. आजीने टाळीच वाजवली. "अर्धीच केलीस? शाबास! पूर्ण केली असतीस तर ताडून कशाशी बघणार होतो आपण?"

भिंग्या मनवाच्या गालावर चढला, आणि समोरच्या पडद्यावर दोन केस बांबूएवढे मोठे दिसू लागले.

"मुळाशी दोघांची जाडी सारखीच," भिंग्या म्हणाला. "फरक फक्त टोकात आहे. डावा निमुळता होत गेलाय. उजवा मध्येच सपाट."

"मग टोचतोय का?"

आजी तिला मागच्या रानात घेऊन गेली. तिथे विळ्याने कापलेल्या ज्वारीची धसकटं उभी होती. "काढ चप्पल," आजी म्हणाली.

"आई गं!" मनवा एका पायावर नाचली.

"आता सांग. कापल्यामुळे ज्वारीचा हा दांडा, हे ताट, जाड झालं का?"

मनवा खाली वाकली. धसकट तिने दोन बोटांत धरून पाहिलं. "नाही. ताट तेवढंच आहे. वरचा मऊ शेंडा गेला, म्हणून टोचतंय."

"केसाचं तेच. तो उगवतो केशकूपात (कातडीच्या आतल्या इवल्याशा पिशवीत). बाहेर दिसतो तो भाग निर्जीव. वर पातं फिरून गेलं, याची खाली खबरसुद्धा नसते."

"पण दादाने दाढी केली आणि मग राठ आलीच की!"

"केव्हा केली? मिसरूड फुटलं तेव्हाच ना? त्या वयात संप्रेरकं (शरीरात निरोप पोचवणारी रसायनं) केशकूपांना सांगतातच, की आता जाड केस पाठवा. दादाने रेझर हातात घेतला नसता तरी दाढी राठच आली असती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! लोकांनी बिचाऱ्या कावळ्याला धरलं."

मनवाला हसू आलं, आणि भीती गेल्यावर डोक्यात प्रश्नांची रांग लागली. "उपटले तर?"

"दोरा घे नाहीतर मेण, केस मुळासकट निघतो, पण पिशवी जागेवर राहते. म्हणून काही आठवड्यांनी नवा केस येतो, आपलं निमुळतं टोक घेऊन. तो मऊ लागतो. मात्र कातडी लाल होते, आणि एखादा केस वाट चुकून आतच वळला की पुळी येते."

"आणि ते केस काढायचं मलम?"

"ते केसातलं केराटीन (केस ज्याचा बनतो ते प्रथिन) विरघळवतं. कातडीच्या वरच्या थरातही तेच असतं. मलमाला काय कळतंय कुणाला सोडायचं? जास्त वेळ ठेवलं की आग आग. लेझरची तऱ्हा वेगळी. केसातला काळा रंग प्रकाश पकडतो आणि त्या उष्णतेने केशकूप पोळतो. मग पुष्कळ केस येईनासे होतात, सगळे नाही. माझ्या पांढऱ्या केसांपुढे मात्र लेझर आंधळा!"

"मग मी काय करू?"

"आता काही नको. मोठी झालीस की आईशी बोलून ठरव, ठेवायचे की काढायचे. पण कुणी चिडवलं म्हणून नको."

शुक्रवारी मनवा बोलायला उभी राहिली. आजी मागच्या बाकावर बसली होती. ज्वारीचं सांगून झाल्यावर चंद्रावरच्या एका मुलाने विचारलं, "तुझ्या ओठावर एकाच बाजूला सावली का आहे? पडदा बिघडलाय?"

विक्रांत फिस्सकन हसला. मनवाचे कान तापले. पळून जावंसं वाटलं तिला, पण पायाला टोचलेलं धसकट आठवलं.

"पडदा ठीक आहे," ती म्हणाली. "ती माझी मिशी आहे. अर्धी. अर्धी का, ते सांगते." आणि तिने भिंग्याची चित्रं दाखवून सगळं सांगितलं.

तिकडे शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने कपाळावर ओढलेली टोपी हळूच काढली. तिची एक भुवई गायब होती!

"म्हणजे माझी भुवई राठ येणार नाही?"

"नाही. होती तशीच येईल."

"पण चंद्रावर केस पृथ्वीइतक्याच वेगाने वाढतात का?"

मनवाने आजीकडे पाहिलं. आजीने हात वर केले. "मलाही माहीत नाही," मनवा म्हणाली. "मोजू या?"

"मोजायला तिकडचीही एक भुवई लागेल," ती मुलगी म्हणाली.

वर्गात कुणी हलेना. मग विक्रांत उठला, मान खाली घालून. "माझी घे."

"भुवया राहू द्या रे!" आत्याआजी मागून ओरडली. "हातावरची लव पुरे."

मनवाने बाही वर सरकवली. विक्रांतने सरकवली, मग सगळ्या वर्गाने. चंद्रावर चित्र पोचून परत यायला दोन-अडीच सेकंद लागतात, तेवढा वेळ सगळे पडद्याकडे बघत राहिले. मग तिकडच्याही बाह्या एकेक करून वर गेल्या.